नेलकोटच्या तळघरात

अंगात स्वेटर असेल तर आत्ताच काढून ठेवा, पुढे उकडून जीव जाणार आहे. साल १९७१, ऐन उन्हाळा, दक्षिण फ्रान्समधलं विलफ्रांश-सुर-मेर. खाली निळाशार समुद्र, वर झाडीत लपलेला खांबाखांबांचा ऐसपैस बंगला, व्हिला नेलकोट. भाडेकरू गिटारवादक कीथ रिचर्ड्स. इंग्लंडमधल्या कराच्या कचाट्यातून सुटायला त्याच्या ‘रोलिंग स्टोन्स’ बँडची अख्खी मंडळी फ्रान्सला आली आहेत. ते हिशेब मरू देत. चला, जेवायला बसलेत सगळे.

लांबलचक टेबल आणि त्याभोवती ही गर्दी. कोण कुणाचं, कुणी बोलावलं, विचारू नका. खुद्द कीथला तरी कुठे ठाऊक असेल! एवढ्यात कुणीतरी तुमच्याही हातात वाइनचा ग्लास देतं. पलीकडे कीथचा दोस्त, गायक ग्रॅम पार्सन्स कंट्री संगीतातली गाणी छेडतोय. कीथचं लहानगं पोर पायात पायात करतंय.

अंधार पडला की तळघरात. जपून, पायाखाली केबलींचं जाळं आहे. त्या सगळ्या बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जातात. तो ट्रक म्हणजेच बँडचा फिरता स्टुडिओ. रेकॉर्डिंग करणारा अँडी जॉन्स त्यात बसलाय. त्याला इथलं काही दिसत नाही, त्यामुळे दोन शब्द सांगायचे तरी बिचाऱ्याला पळत खाली यावं लागतं.

आलात? दमट हवा थोबाडीत बसल्यासारखी लागली ना? घाम, सिगारेटी, ओल्या भिंती, तापलेले अँप्लिफायर, सगळ्याचा मिळून एकच वास. ड्रमर चार्ली वॉट्स एका खोलीत, निकी हॉपकिन्सचा पियानो दुसरीकडे कोंडलेला, ब्रासवाले बोळाच्या टोकाला. कीथ उघडाबंब. त्याच्या गिटारला पाचच तारा, सहावी त्याने मुद्दाम काढलीय. गाणं जरा रंगात येतं न येतं तोच दमट हवेने तारा उतरतात. थांबा. सूर लावा. पुन्हा पहिल्यापासून. हवेसाठी एक केविलवाणा व्हेंटिलेटर आहे. त्याच्या नावाने यांनी ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ हे गाणंच केलं, बोटं मोडण्याची ही रीत मला तरी भलती आवडली!

मध्येच कीथ पोराला झोपवायला वर जातो. गेला तो गेलाच. तुम्ही भिंतीला टेकून बसा. बाकीचेही तेच करताहेत.

पुढे लॉस एंजेलिसला उरलंसुरलं काम होऊन १९७२ मध्ये १८ गाण्यांचा दुहेरी अल्बम निघाला, ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’. आवाज गढूळ, गायक मिक जॅगर वाद्यांच्या रेट्यात पार बुडालेला, अशी कुरकुर झाली. होऊ दे. तुम्ही आत्ता ज्या हवेत घुसमटताय ती हवाच तर त्या तबकडीत उतरलीय. ती गाळून काढली असती तर हा अल्बम मी दुसऱ्यांदा लावलाच नसता.

पण निघू नका, पुन्हा तळघरात चला. आज बँड जमायच्या आधीच कीथ खाली उतरलाय. सोबतीला फक्त सॅक्सोफोनवाला बॉबी कीज आणि निर्माता जिमी मिलर. ड्रमर नाही? मिलर स्वतःच ड्रमवर बसतो. कीथ गिटार खडखडवतो, माइक ओढून स्वतःच गायला लागतो, बॉबीचा जाडजूड बॅरिटोन सॅक्सोफोन खालून घुमतो आणि तुमचा पाय आपसूक ठेका धरतो. बाकीची मंडळी उगवेपर्यंत ‘हॅपी’ गाण्याचा ढाचा टेपवर चढलेला असेल!