संक्रमण-सेवा (किशोरवयीन दीर्घकालीन रुग्णांची)

लहानपणी जडलेला, समूळ बरा न होणारा पण आटोक्यात ठेवता येणारा आजार घेऊन वाढणाऱ्या मुलामुलींना बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात टप्प्याटप्प्याने नेण्याची वैद्यकीय व्यवस्था. टाइप १ मधुमेह, थॅलसेमिया, सिकलसेल, जन्मजात हृदयदोष, अपस्मार, बालसंधिवात आणि मूत्रपिंडाचे विकार हे यातले नेहमीचे आजार. केसपेपर एका ओपीडीतून दुसरीत जाणे ही नुसती बदली. संक्रमण म्हणजे त्याआधी काही वर्षे चाललेली तयारी. ‘हेतुपूर्वक, आखून केलेले स्थलांतर’ अशा अर्थाची संक्रमणाची व्याख्या अमेरिकेतील किशोरवैद्यक संस्थेने १९९३ साली केली. त्या निवेदनाचे प्रमुख लेखक रॉबर्ट ब्लम होते.

हा प्रश्न उपचारांना यश आले म्हणून उभा राहिला. हृदयाची शस्त्रक्रिया, रक्तसंक्रमण, डायलिसिस यांच्या जोरावर पूर्वी दगावणारी मुले विशी गाठू लागली आणि त्यांना पुढे तपासायचे कोणी, हे ठरलेले नव्हते.

किशोरवयात आजार बिघडला की दोष बहुधा मुलाच्या हलगर्जीपणावर येतो. तो पूर्ण खरा नाही. वयात येताना शरीर इन्शुलिनला कमी दाद देते, हे स्टेफनी एमिएल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. वाढीचे संप्रेरक त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत असते. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात चाललेल्या मधुमेह-चाचणीतील १,४४१ जणांपैकी १९५ जण १३ ते १७ वर्षांचे होते. काटेकोर उपचार घेणाऱ्या या मुलांचे एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांतील रक्तशर्करेचे माप) सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास राहिले, तशाच उपचारांवरच्या प्रौढांचे ७ च्या थोडे वर. आधी डोळे निरोगी असलेल्या मुलांत दृष्टिपटलाची हानी होण्याचा धोका या उपचारांनी निम्म्याहून अधिक घटवला. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग वाढले. वहीतले आकडे पाहून पोराला रागावणाऱ्या घरांनी हा तपशील जरूर वाचावा.

संशोधनाचा दुसरा धागा तपासणीच्या खोलीत बोलते कोण, याचा. आपल्याकडे आई ‘आम्ही रोज चार सुया घेतो’ असे सांगते आणि सोळा वर्षांचा मुलगा भिंतीवरचे लसीकरणाचे पत्रक वाचत बसतो. टोरंटो येथील ग्रॅहॅम रीड यांच्या गटाने गुंतागुंतीचे जन्मजात हृदयदोष असलेल्या, १९ ते २१ वर्षांच्या ३६० तरुणांचा माग काढला (२००४). त्यांपैकी जेमतेम ४७ टक्के जण प्रौढांच्या विशेष केंद्रात रीतसर पोहोचले होते. पोहोचलेल्यांत आईवडिलांशिवाय एकट्याने तपासणीला जाणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. अर्थात एकटे जाण्याने मूल जबाबदार होते की जबाबदार मूलच एकटे जाते, हे अशा पाहणीतून ठरत नाही. डॉक्टरांनी किशोरांशी एकांतात घर, शाळा, व्यसन, लैंगिकता, मनातले विचार यांबद्दल बोलावे, यासाठी गोल्डनरिंग आणि कोहेन यांनी १९८८ मध्ये मांडलेली प्रश्नांची चौकट आजही वापरात आहे.

सर्वांत बोलके उदाहरण ऑक्सफर्डचे. पॉल हार्डन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या तरुणांचे दोन गट तुलनेला घेतले (२०१२). आधीच्या काळात थेट प्रौढ विभागात पाठवलेल्या ९ जणांपैकी ६ जणांची प्रत्यारोपित मूत्रपिंडे निकामी झाली. नंतरच्या १२ जणांसाठी बालरोगतज्ज्ञ आणि प्रौढांचे डॉक्टर यांची एकत्र ओपीडी सुरू झाली, जोडीला एक युवा-कार्यकर्ता आला आणि तरुणांचे क्लिनिक रुग्णालयाबाहेर, विद्यार्थ्यांच्या वावरातल्या जागी भरू लागले. या गटात एकही मूत्रपिंड गेले नाही. बदल झाला तो भेटीच्या पद्धतीत. गट मात्र फारच लहान आणि काळही वेगळा, त्यामुळे एवढ्यावरून नियम काढणे घाईचे ठरेल. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यासारख्या, म्हणजे यादृच्छिक, चाचण्या अवघ्या चार सापडल्या आणि त्यांतले सहभागी मिळून २३८. एवढ्या महत्त्वाच्या विषयाला हा पुरावा तोकडाच. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइस संस्थेने मात्र वाट न पाहता मार्गदर्शिका काढली. ती १३-१४ व्या वर्षापासून तयारी करायला सांगते.

भारतात बालरोग विभागाची वयोमर्यादाच एकसारखी नाही. कुठे १२, कुठे १४, कुठे १८. शाळा-अंगणवाडीत जाऊन ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे (तेव्हा ठाणे जिल्हा) सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ चा. त्याची समुपदेशन केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. तिथला भर पोषण, प्रजनन-आरोग्य आणि मानसिक आरोग्यावर असतो. विदर्भातील आदिवासी आणि इतर समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलसाठी जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी एकाच छत्राखाली घेतली. त्यामुळे निदान तपासणीपुरती तरी अठराव्या वर्षाची रेघ तिथे आड येत नाही.