बहुऔषध-प्रतिकार आणि पेशीपटलातील वाहक प्रथिने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली. पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. प्रतिजैविकांमुळे संसर्गजन्य रोग कायमचे आटोक्यात येतील, असा विश्वास त्या काळी होता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदविले; त्या विश्वासाला यामुळे मोठा धक्का बसला. औषधे निष्प्रभ होण्याच्या कारणांपैकी वाहक प्रथिनांचे कार्य कसे उलगडत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेचा विकास :
जिवाणू औषधाचे विघटन करतो अथवा औषधाचे लक्ष्यस्थान बदलते, ही प्रतिकाराची रूढ स्पष्टीकरणे होत. परंतु १९७० मध्ये बीडलर व रीम यांना असे आढळले की, ॲक्टिनोमायसिन-डीला सरावलेल्या हॅमस्टरच्या पेशी रचनेने भिन्न असलेल्या इतर औषधांनाही दाद देत नाहीत. १९७३ मध्ये डानो यांनी कर्करोगाच्या पेशी ऊर्जा खर्चून औषध बाहेर टाकतात, असे दाखविले. १९७६ मध्ये ज्युलियानो व लिंग यांना अशा पेशींच्या पटलात पी-ग्लायकोप्रोटीन सापडले. ते पटलाची पार्यता बदलते, असा त्यांचा समज होता. नावातील 'पी' हे अक्षर त्याचेच स्मारक आहे. १९८६ मध्ये त्याच्या जनुकाचे जिवाणूंतील वाहक प्रथिनांच्या जनुकांशी साम्य आढळले आणि 'पंप' ही कल्पना दृढ झाली.

हा पंप कसा चालतो, याचे सूत्र यार्डेट्स्की यांनी १९६६ मध्येच मांडले होते. प्रथिनातील बंधनस्थान आळीपाळीने आत व बाहेर उघडते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कधीच नाही. २००६ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या एसीआरबी प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा त्याचे तीन घटक तीन वेगवेगळ्या आकारांत दिसले. प्रत्येक घटक क्रमाने औषध आत घेतो, धरून ठेवतो व बाहेर टाकतो. बंधनाची पोकळी प्रशस्त असल्याने भिन्न रचनेची औषधेही तीत सामावतात.

क्षयरोगाचा संदर्भ :
क्षयजंतूचा प्रतिकार मुख्यत्वे लक्ष्यस्थानाच्या किंवा औषध सक्रिय करणाऱ्या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे येतो. तथापि, बेडाक्विलिनच्या बाबतीत पंप निर्णायक ठरतो. हे औषध २०१६ मध्ये मुंबईसह देशातील मोजक्या केंद्रांत उपलब्ध झाले. त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, असे दिसून आले होते की एका नियंत्रक जनुकात बिघाड झाल्यास एमएमपीएल-५ हा पंप अधिक प्रमाणात तयार होतो आणि बेडाक्विलिन व क्लोफाझिमिन ही दोन्ही औषधे दुबळी ठरतात.

निष्कर्ष :
पंप रोखण्याचे प्रयत्न १९८१ पासून, म्हणजे व्हेरापामिलच्या प्रयोगांपासून सुरू आहेत. कर्करोगात व्हॅलस्पोडारच्या मोठ्या चाचण्यांतून अपेक्षित लाभ मिळाला नाही. हीच प्रथिने मेंदू, यकृत यांसारख्या निरोगी अवयवांचेही रक्षण करतात, ही त्यातील मूळ अडचण होय. म्हणून नवे औषध देण्यापूर्वी जंतूची संवेदनक्षमता तपासणे आणि उपचार पूर्ण होतील याची काळजी घेणे, हाच तूर्त खात्रीचा मार्ग ठरतो.