बार्शीच्या कर्करोग नोंदणीचे वर्ध्याकडील कूळ

एखाद्या ठरावीक प्रदेशात वर्षभरात कर्करोगाचे किती नवे रुग्ण आढळले, हे दर लाख लोकांमागे मोजणाऱ्या व्यवस्थेला लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी म्हणतात. रुग्णालयाच्या वहीत कोठूनही आलेला रुग्ण चढतो. या नोंदणीत मात्र आखलेल्या सीमेत किमान एक वर्ष वास्तव्य असलेल्याचीच गणना होते, मग त्याने उपचार कोणत्याही शहरात घेतलेले असोत. तिची परिचित वंशावळ थोडक्यात अशी: हॅम्बुर्ग, कनेक्टिकट आणि डेन्मार्क येथील जुन्या नोंदण्या, १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केलेली भारतातील पहिली नोंदणी, आणि १९८१ च्या अखेरीस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने उभारलेला राष्ट्रीय कार्यक्रम. याच क्रमाने १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, म्हणून ती मुंबईचीच लेक, असे सहज मानले जाते.

संस्थांच्या नात्याने ते खरेच आहे. कार्यपद्धतीच्या नात्याने मात्र ते पटत नाही. मुंबईची नोंदणी दोन पायांवर उभी होती: रुग्णालये व प्रयोगशाळांत कर्मचाऱ्यांनी स्वतः जाऊन उतरवलेल्या नोंदी, आणि महानगरपालिकेच्या दप्तरातील वैद्यकीय कारणासह मृत्युनोंदी. जिवंतपणी निसटलेला रुग्ण मृत्यूच्या दाखल्यावर सापडे, आणि अशा केवळ दाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण पाहून नोंदणी किती पूर्ण आहे याचा अदमासही घेता येई. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील सुमारे साडेतीनशे गावांत हा दुसरा पाय जवळजवळ नव्हताच, कारण घरी झालेल्या मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून देण्याची सोय खेड्यात क्वचितच असे. पहिला पायही अधू होता. जो डॉक्टरकडे गेलाच नाही, त्याची नोंद कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार?

डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे वेगळा मार्ग धरला. नोंदणीचे क्षेत्रकार्यकर्ते नियमाने गावोगाव फिरत, गावकऱ्यांशी ओळख वाढवत, न भरणारी जखम, अंगावरून अवेळी जाणारे रक्त, स्तनातील गाठ अशी लक्षणे समजावून सांगत आणि संशयित व्यक्तीला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीस येण्यासाठी राजी करत. म्हणजे मोजणाऱ्याला आधी शिकवावे लागे, आणि शिकवल्याचे फळ म्हणून मोजणी होई. ही रीत कनेक्टिकटमध्ये सापडत नाही, मुंबईतही नाही.

ती सापडते वर्धा जिल्ह्यात, आणि तीही भलत्याच रोगाच्या कामात. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनमध्ये डॉ. र. वि. वार्डेकर यांनी कुष्ठरोगासाठी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीनपदरी पद्धत रुजवली, आणि पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमानेही तीच स्वीकारली. तीत प्रशिक्षित कार्यकर्ता ठरलेल्या गावांत पुन्हा पुन्हा जाई, बधिर चट्टा म्हणजे काय ते सांगे, रुग्ण शोधे आणि उपचाराशी जोडून देई. बार्शीच्या पद्धतीचा सांगाडा नेमका हाच आहे. या तर्काला प्रतिस्पर्धी आहे तो देवीच्या रोगाच्या निर्मूलनाचा: १९७३ नंतर भारतभर रोग्याचे चित्र दाखवत घरोघरी शोध घेतला गेला आणि १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण मिळाला. कालदृष्ट्या ही मोहीम बार्शीला अधिक जवळची. पण देवीचे फोड चेहऱ्यावर दिसतात, त्यांना शोधणारा येतो, पाहतो आणि निघून जातो. कुष्ठाचा चट्टा दुखत नाही, गर्भाशयमुखाचा कर्करोगही आरंभी दुखत नाही. दोन्ही लपवले जातात, आणि दोन्हींसाठी त्याच गावात वर्षानुवर्षे परतणारा ओळखीचा माणूस लागतो. वार्डेकरांच्या योजनेत उपचारही गावाजवळ पोहोचत, बार्शीत रुग्णाला रुग्णालयापर्यंत यावे लागे, एवढा फरक मान्य करूनही कुष्ठकार्याचे पारडे जड राहते. थेट वारशाचा कागद पुढे करता येत नाही, हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या खेड्यांत तीन दशके रुळलेली रीत आरोग्यकर्मींच्या हाडीमाशी खिळलेली असणार, त्यासाठी कागदाची गरजही फारशी नाही.

या कुळाचा मोजणीवर परिणाम होतो, म्हणून प्रश्न केवळ हौसेचा नाही. बार्शीत शिक्षणाने गर्भाशयमुखाचे रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागले. मोजमापाने मोजल्या जाणाऱ्या वस्तूलाच हलवले. वयाच्या फरकाचा परिणाम काढण्यासाठी दर एका काल्पनिक जागतिक लोकसंख्येवर बसवतात, जिची मूळ रचना जपानच्या मित्सुओ सेगी यांनी केली. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय अहवालात असा वयसमायोजित दर पुरुषांत उस्मानाबाद-बीडला लाखामागे ३९.५, तर ऐझॉल जिल्ह्यात २६९.४ होता. एवढी दरी निव्वळ न सापडलेल्या रुग्णांनी पडत नाही, तंबाखू आणि आहार यांचाही तीत वाटा आहे. पण ग्रामीण आकडा किती विश्वसनीय, हे गावात कोण आणि किती वेळा गेले यावरच ठरते.

त्या अहवालातील २८ नोंदण्यांत वर्धा आहे, नंदुरबार नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत १६,४८,२९५ लोकसंख्येच्या या जिल्ह्यात नोंदणी सुरू करायची झाल्यास मुंबईची रीत तर नक्कीच चालणार नाही. रेल्वेने जवळ पडणाऱ्या सुरतेकडे उपचारासाठी जाणाऱ्याची नोंद गुजरातच्या दप्तरात राहते; अक्राणी आणि अक्कलकुव्यातील पाडे डोंगरात विखुरलेले आहेत; आणि दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वर्षातील काही महिने गावाबाहेर असतात, त्यामुळे एक वर्षाच्या वास्तव्याची अटही प्रत्येक घरापुढे तपासून लावावी लागेल. ते काम सुरतेच्या रुग्णालयातील कारकुनाला साधणारे नाही. पाड्यावरची आशा कार्यकर्ती, जिला कोण केव्हा गेले आणि केव्हा परतले हे ठाऊक असते, तीच ते करू शकेल.