औषध पेशीबाहेर, परिणाम पेशीत!
दम्याचा त्रास उफाळला की रुग्ण साल्ब्युटामॉलचा पंप तोंडाशी धरतो आणि काही मिनिटांत आकसलेल्या श्वासनलिका सैल होतात. त्यासाठी औषधाच्या रेणूंना स्नायूपेशीत शिरावे लागत नाही. पेशीच्या आवरणात रुतलेल्या 'बीटा-२ ॲड्रिनर्जिक' या ग्राही प्रथिनाला, अर्थात रिसेप्टरला, ते बाहेरूनच चिकटतात. निरोप आत पोहोचतो तो या प्रथिनाचा आकार बदलल्यामुळे.

हे ग्राही म्हणजे अमिनो आम्लांची एकच लांब साखळी. मळसूत्रासारखे पीळ घेत ती पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. औषध बाहेरील खोबणीत बसते तेव्हा तेथे होणारा बदल किरकोळ असतो. आतल्या टोकाला मात्र सहावे मळसूत्र सुमारे १.४ नॅनोमीटर बाहेर सरकते. उघडलेल्या पोकळीत जी-प्रथिन बसते, स्वतःकडील जीडीपी रेणू सोडून जीटीपी घेते आणि विलग होऊन ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला चालना देते. त्यातून तयार होणाऱ्या चक्रीय एएमपीमुळे अखेर स्नायू शिथिल होतात. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने ग्राहीची निष्क्रिय रचना २००७ मध्ये, तर जी-प्रथिनासह सक्रिय रचना २०११ मध्ये उलगडली. कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोवित्झ यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाठ्यपुस्तकांची लाडकी कुलूप-किल्लीची उपमा येथे तोकडी पडते. कुलूप स्थिर असते; ग्राही मात्र औषधाविनाही सतत आकार बदलत असते. साल्ब्युटामॉल तोल सक्रिय आकाराकडे झुकवते. उलट, सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेले प्रोप्रॅनोलॉल ॲड्रिनॅलिनची जागा अडवते आणि ग्राहीला निष्क्रिय ठेवते. ते हृदयातील बीटा-१ आणि श्वासनलिकेतील बीटा-२ असा भेद करीत नाही. म्हणूनच हृदयविकार वा रक्तदाबासाठी घेतलेली ही गोळी दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकते. डॉक्टरांपासून दमा लपवू नये, तो याचसाठी.

सक्रिय ग्राही फार काळ मोकळे राहत नाही. कायनेज विकरे त्यावर फॉस्फेट चढवतात, अरेस्टिन हे प्रथिन जी-प्रथिनाची वाट अडवते आणि ग्राही पेशीच्या आत ओढले जाते. पंप वारंवार वापरल्यास त्याची परिणामकारकता घटते, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय श्वासनलिकेची सूज त्याने कमी होत नाही. दम्यावर केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर विसंबू नये, अशी शिफारस 'जिना' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१९ मध्ये केली. त्याला श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची जोड हवी.

जी-प्रथिनाला चालना द्यायची, पण अरेस्टिनला फारशी नाही, असा आकार साधता आला तर दुष्परिणाम टळतील, ही कल्पना मोहक आहे. अफूवर्गीय ग्राहीवर काम करणारे ऑलिसेरिडिन हे वेदनाशामक याच आशेतून आले आणि २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. श्वसन मंदावण्याचा ठळक इशारा मात्र त्याच्याही माहितीपत्रकावर छापावा लागला.