यंत्रे वाजत होती, पण राबत कोण होते?

१/ ऑक्टोबर १९८०. इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादनगरीतला 'द ह्यूमन लीग' हा बँड दुभंगला. सिंथेसायझरची बाजू सांभाळणारे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श बाहेर पडले. मागे उरले गायक फिलिप ओकी आणि मंचावर स्लाइड्स दाखवणारे एड्रियन राइट. बँडचे नाव त्यांच्याकडे राहिले. त्याबरोबर कर्जही आले आणि तोंडावर आलेला दौराही.

२/ ओकींनी शेफील्डच्या 'क्रेझी डेझी' या नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना, सुझन सली आणि जोअॅन कॅथरॉल यांना, बँडमध्ये घेतले. पुढे इयन बर्डन आणि मूळचे गिटारवादक जो कॅलिस आले. वर्षभरात याच मंडळींचा 'डेअर' हा अल्बम ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचला. हे घडले कसे? 'सारे काही यंत्रांनी केले,' हे उत्तर तेव्हाही दिले जाई. ते कितपत खरे, ते पाहू.

३/ बर्कशायरमधील स्ट्रीटली गावी निर्माते मार्टिन रशंट यांचा 'जेनेटिक' स्टुडिओ होता. स्ट्रँगलर्स, बझकॉक्स अशा गिटारप्रधान बँडचे ध्वनिमुद्रण करणारे रशंट आता नव्या यंत्रांकडे वळले होते. त्यांतली तीन महत्त्वाची: रोलँड एमसी-८, रोलँड सिस्टिम ७०० आणि लिन एलएम-१.

४/ एमसी-८ हे १९७७ चे यंत्र. त्यावर वाजवण्यासाठी पट्ट्या नाहीत, कॅल्क्युलेटरसारखी बटणे आहेत. प्रत्येक स्वरासाठी आकडे भरायचे: स्वर कोणता, पुढचा स्वर किती वेळाने, आणि हा स्वर किती काळ टिकणार. त्यानुसार यंत्र सिंथेसायझरला विजेचा दाब पुरवी. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर चढे. म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांपैकी दोन शेजारी स्वरांत अंतर एका व्होल्टच्या बाराव्या हिश्शाचे. वाद्यांना परस्परांशी जोडणारी 'मिडी' ही सामायिक भाषा १९८३ मध्ये आली. तोवर व्यवहार असा तारांचा आणि व्होल्टचा होता. स्मरणशक्ती १६ किलोबाइट. काम जपून ठेवायचे ते कॅसेटवर.

५/ लिन एलएम-१ हे अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८० मध्ये बाजारात आणलेले तालयंत्र. आधीची तालयंत्रे ढोलाच्या आवाजाची विद्युत नक्कल करीत. लिन यांनी खऱ्या ड्रमचे आघात मुद्रित करून चिपमध्ये साठवले. किंमत सुमारे ५,००० डॉलर. एकूण यंत्रे बनली जेमतेम पाचशेच्या आसपास. मेमरी इतकी महाग की दीर्घकाळ घुमणाऱ्या मोठ्या झांजेला त्यात जागाच नव्हती!

६/ आता श्रमांकडे पाहा. कुशल वादकाच्या बोटांतून सहज उतरणारी ओळ इथे आकडा-आकडा करून रचावी लागे. एक आकडा चुकला की पुढची सारी ओळ लयीतून सरके. आणि या काटेकोर चौकटीवर उमटले ते सली व कॅथरॉल यांचे अप्रशिक्षित, साधे आवाज. 'डेअर'ची मोहिनी या विरोधात आहे.

७/ 'डोन्ट यू वाँट मी' हे गाणे ओकींना अल्बममधले सर्वांत कच्चे वाटे; ते स्वतंत्रपणे प्रकाशित करण्यास त्यांचा विरोध होता. तेच १९८१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये आणि जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी रशंट यांनी या गाण्यांचे 'लव्ह अँड डान्सिंग' हे रीमिक्स रूप घडवले. त्यासाठी त्यांनी ध्वनिफिती पात्याने कापून हातांनी पुन्हा जोडल्या.

८/ १९८२ मध्येच लंडनमधील संगीतकार संघटनेच्या एका शाखेने सिंथेसायझर व तालयंत्रांवर बंदीची मागणी केली. आज त्याचे हसू येते. पण ती भीती निराधार नव्हती. स्टुडिओत एक पेटी आली की ड्रमवादकाची दिवसाची बिदागी बुडत असे.

९/ म्हणून 'यंत्रांनी केले' हे उत्तर अपुरे ठरते. श्रम नाहीसे झाले नाहीत, ते वादकाच्या बोटांकडून आकडे भरणाऱ्या हातांकडे गेले. त्यांच्यासोबत मोबदलाही गेला. खरा वाद तोच होता, आणि नवे यंत्र आले की तो आजही नव्याने सुरू होतो.