ग्रँट मेडिकल कॉलेज : आठांपासून अडीचशेंपर्यंत

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे नाव आपल्या वाचकांस नवे नाही. परंतु या विद्यालयाचा कारभार जसजसा हातोहात बदलत गेला, तसतसे त्याचे दार कोणास उघडले व कोणास अवघड झाले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. मंडळाच्या विद्यार्थी-निधीचा विचार आपण दरवर्षी करीत असतो. त्या निमित्ताने तो येथे मांडणे आम्हांस उचित वाटते.

मुंबईत पहिली वैद्यकशाळा सरकारने १८२६ साली काढली. डॉ. मॅक्लेनन हे तिचे प्रमुख असून शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. ती अवघी सहा वर्षे चालली व १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या विद्यालयाचा आग्रह धरला; पण ते प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १८३८ साली, ते वारले. नागरिकांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी जमविली, सर जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लक्ष रुपये दिले आणि १८४५ साली रुग्णालय व विद्यालय दोन्ही सुरू झाली. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य. या वेळी शिक्षणाची भाषा मात्र इंग्रजी ठरली.

१८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे आठ! त्यांत भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग व अनंत चंद्रोबा हे होते, तसेच पारशी व गोव्याकडील ख्रिस्ती तरुणही होते. भाऊ दाजींचे घर गरिबीचे. अशा घरचा मुलगा तेथवर पोहोचला याचे कारण त्याची बुद्धी हे तर खरेच. पण बुद्धिमान मुलास पुढे शिकता यावे म्हणून त्या काळी विद्यार्थिवेतने असत, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले व १८६० साली कॉलेज त्यास जोडले गेले. तोवर परीक्षा घेऊन पदविका देण्याचा अधिकार कॉलेजकडेच होता. तो आता विद्यापीठाकडे गेला. हा बदल कागदावरचा वाटतो, पण त्याचा अर्थ असा की, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा इंग्रजीतून उत्तीर्ण झाल्यावाचून पदवीचा मार्ग खुला होईना. कनिष्ठ दर्जाच्या वैद्यांसाठी कॉलेजात काही काळ मराठी व गुजराती वर्गही चालले. १८७८ साली पुण्यास बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघाले. मॅट्रिक झालेल्या अनेक सामान्य घरांतील मुलांस पुढे अशा शाळांनीच डॉक्टर केले. १९४६ साली भोर समितीने डॉक्टरांचा एकच दर्जा असावा अशी शिफारस केली. त्याच साली पुण्याच्या शाळेचे कॉलेज झाले. विद्येचा दर्जा वाढला हे निर्विवाद, परंतु मॅट्रिकवाल्याचा जिना काढून घेतला गेला, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

स्त्रियांस ग्रँट कॉलेजचे दार १८८३ साली उघडले. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलात आनंदीबाई जोशी वैद्यकासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या.

१९९८ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना होऊन राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याकडे गेली. प्रवेशही आता कॉलेजच्या हाती राहिलेला नाही. एके काळी बारावीचे गुण पाहत. मग राज्याची सामाईक परीक्षा आली आणि आता देशाची ‘नीट’. २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते, अभ्यास मात्र इंग्रजीतूनच! ग्रँट कॉलेजच्या वार्षिक जागा २०१९ साली दोनशेंवरून अडीचशे झाल्या. साऱ्या देशात २०१४ पूर्वी एम.बी.बी.एस.च्या ५१,३४८ जागा होत्या. २०२३ पर्यंत त्या एक लाखाच्या पुढे गेल्या.

जागा वाढल्या म्हणून खेड्यातील मुलाची वाट सोपी झाली असे आम्हांस दिसत नाही. शहरातील मुलगा दोन वर्षे शिकवणीस जातो. तिचा खर्च शेतकरी वा लहान दुकानदार बाप कोठून करणार? आपल्या मंडळांची मदत बहुधा प्रवेश मिळाल्यानंतर, तीही सत्काराच्या सभेत, दिली जाते. तोवर ज्याला गाळायचे तो गाळला गेलेला असतो. विद्यार्थी-निधीचा निदान अर्धा भाग दहावी उत्तीर्ण झालेल्या, तालुक्याबाहेर राहून शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या वसतिगृहाच्या व शिकवणीच्या खर्चास द्यावा, आणि परिचर्या व औषधनिर्माण शिकणारांसही त्यात धरावे, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यावा अशी आमची सूचना आहे. सभासद बंधुभगिनींनी तिचा विचार करावा.