सहा आवाजांपैकी एक मुका

रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हा सिंथेसायझर बाजारात आला १९८४ मध्ये. चाळीस वर्षांनंतरही जुन्या वाद्यांच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. तुम्ही तो घ्यायच्या विचारात असाल, किंवा घेतला असेल आणि मधूनच एखादा सूर मुका होत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी थोडा इतिहास वाचा. या वाद्याचा आजार त्याच्या जन्मातच दडलेला आहे.

१९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी व्होल्टेजच्या चढउतारांवर सूर, त्याचा पोत आणि जोर ठरवणारे यंत्र बनवले. १९७० चा मिनीमूग हा त्याचा आटोपशीर अवतार. पण तो बासरीसारखा एका वेळी एकच सूर काढी. एकाच वेळी अनेक सूर हवेत, तर प्रत्येकासाठी वेगळे सर्किट हवे. त्यामुळे अनेक सुरांचे सिंथेसायझर सामान्य वादकाला परवडत नसत.

हे चित्र बदलण्यात जपानच्या इकुतारो काकेहाशी यांचा मोठा वाटा आहे. युद्धानंतर पोरवयात त्यांनी घड्याळे आणि पुढे रेडिओ दुरुस्त करून पोट भरले, आणि १९७२ मध्ये ओसाकात रोलँडची स्थापना केली. म्हणजे ही कंपनीच एका दुरुस्तीवाल्याची! जुनो-१०६ मध्ये सहा आवाज आहेत. सूर स्थिर राहावा म्हणून त्याचे नियंत्रण डिजिटल ठेवले, पण आवाजाला ऊब देणारा फिल्टर ॲनालॉगच राहिला. जागा वाचावी म्हणून प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर ८००१७ए नावाच्या एकाच छोट्या चिपमध्ये बसवून तिच्यावर राळेचा थर चढवला. काळाच्या ओघात नेमका हाच थर बिघडतो. त्यातून वीज झिरपू लागते आणि मग तो आवाज कुरकुरतो, अडकून राहतो किंवा बसतो.

दरम्यान १९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल डीएक्स-७ आला आणि ॲनालॉग वाद्ये अडगळीत गेली. रोलँडचेच टीबी-३०३ हे यंत्र तर १९८४ मध्ये बंदही झाले. शिकागोतल्या तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले आणि त्यातून ‘ॲसिड हाउस’ संगीत जन्माला आले. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा रागांची तबकडी केली होती. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झाले.

आता तुमच्या वाद्याकडे वळू. पहिली गोष्ट व्होल्टेजची. जपानी बाजारासाठी बनलेले वाद्य १०० व्होल्टचे असते. ते लंडन किंवा दुबईत थेट भिंतीतल्या प्लगला लावले, तर दुरुस्तीचा खर्च तिथूनच वाढेल. मागची पट्टी वाचा आणि योग्य ट्रान्सफॉर्मर वापरा.

दुसरी गोष्ट निदानाची. ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरून वाद्य सुरू केले की ते चाचणीच्या अवस्थेत जाते. मग पट्टी दाबली की सहापैकी कोणता आवाज वाजतो आहे, त्याचा आकडा दिसतो. बिघडलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. कारागिराकडे ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणत जाण्यापेक्षा ‘चौथा आवाज अडकतो’ म्हणत गेलात, तर तुमचे पैसे आणि त्याचा वेळ दोन्ही वाचतात. खरखरणारा स्लायडर बहुधा धुळीचा बळी असतो. साठवलेले आवाज पुसले जात असतील, तर आतली बॅटरी संपली आहे असे समजा. पॉवर सप्लायला मात्र नवशिक्याने हात लावू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते.

चिपचे काय? दोन मार्ग आहेत. ती सोडवून ॲसिटोनमध्ये भिजवायची, राळेचा थर उतरवायचा आणि पुन्हा बसवायची. किंवा नव्याने बनवलेली पर्यायी चिप लावायची. पहिल्या मार्गात मूळ भाग राहतो, पण तो किती वर्षे टिकेल याची हमी नाही. दुसऱ्यात वाद्य भरवशाचे होते, पण ‘मग हे तेच वाद्य का?’ हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे आहे असे मला वाटते. संगीत नाटकांना साथ करणारे पायपेटीचे ऑर्गन परदेशातून आले. आपल्या कारागिरांनी त्यांचे भाते बदलले, सूर घासून लावले. म्हणून ती वाद्ये परकी किंवा खोटी झाली नाहीत, वाजती राहिली. संग्रहालयातल्या वस्तूला मूळ भाग शोभतात, वाद्याला वाजणे शोभते. तेव्हा पर्यायी चिप खुशाल लावा. फक्त काढलेली जुनी चिप एका पाकिटात घालून, तारीख आणि काय बदलले ते लिहून, वाद्यासोबत ठेवा. जुने सर्किट हाताळणारी माणसे कमी होत चालली आहेत. पुढे ज्याच्या हाती ते वाद्य जाईल, त्याला ती चिठ्ठीच वाट दाखवील.